वैजनाथरावांचा आकडा

पुण्यात आयटी कंपन्या आल्या आणि माणसं वाइनही मार्कांवर पिऊ लागली. शंभरपैकी नव्वद असतील तर वा वा, ऐंशी असतील तर नाक मुरडायचं. दहावीच्या निकालाची सवय, दुसरं काय! त्यामुळे बंडगार्डनजवळच्या एका हॉटेलात वाइनची यादी ठरवणाऱ्या सुदर्शन कांबळेला चवीपेक्षा आकड्यांचीच धास्ती जास्त. त्याच्या विश्रांतवाडीच्या घरात वाइनचं नावही कुणी काढत नसे.

आकडे देणारे दोघे. एक इंग्रजी पेपरात लिहिणारा अनिरुद्ध, ज्याला नव्वदच्या खाली मोजताच येत नसावं. दुसरे कर्वेनगरचे वैजनाथराव, निवृत्त रसायनतज्ज्ञ. सुदर्शनने घरी बाटली पाठवली की ते पोस्टकार्डावर आकडा आणि एक ओळ लिहून पाठवत. गेल्या वर्षी सुदर्शनने अनिरुद्धचं ऐकलं आणि एका कंपनीच्या पार्टीत लोकांनी भरलेले ग्लास तसेच ठेवले. पुन्हा असं झालं तर दुसरी नोकरी बघ, असं मॅनेजरने तोंडावर सांगितलं होतं.

आता नव्या लाल वाइनला अनिरुद्धचे ब्याण्णव आणि वैजनाथरावांचे त्रेसष्ट. 'ओल्या गोणपाटाचा वास.' ती यादीत घ्यायची की नाही ते संध्याकाळपर्यंत मॅनेजरला कळवायचं होतं. सुदर्शनला स्वतःला वाइन बरी वाटली होती, पण आपल्या जिभेवर त्याचा काडीचा विश्वास नव्हता. त्याने कर्वेनगरला फोन लावला. वैजनाथरावांच्या पत्नीने, वासंतीबाईंनी, शांतपणे सांगितलं की ते गणपतीत गेले. आता डिसेंबर लागला होता आणि पोस्टकार्ड गेल्या आठवड्याचं होतं. अक्षरही नेहमीचंच.

सुदर्शनच्या अंगावर काटा आला. तरी दुपारी बाटली घेऊन तो गेलाच. नोकरी जायची वेळ आली की माणूस भुतालाही भेटायला जातो.

हॉलमध्ये वेताची खुर्ची होती आणि तिच्यासमोर वाइनचा अर्धा ग्लास. वासंतीबाईंनी काही लपवलं नाही. दोन वर्षांपूर्वी तापात वैजनाथरावांचं नाक गेलं होतं. बाईंनी वाइन कधी ओठांना लावली नव्हती. पण नैवेद्याचं चाखायचं नसतं. चाळीस वर्षं त्यांनी आमटीतलं मीठ नुसत्या वासावर ओळखलं होतं. मग त्या वाइन हुंगायच्या, वास सांगायच्या, ते आकडा ठरवायचे आणि कार्ड लिहायचं बाईंनीच.

"आणि आता?" सुदर्शनने विचारलं.

"आताही तसंच. मी वास सांगते, ते आकडा सांगतात."

सुदर्शनला खुर्चीकडे बघवेना. त्याने बाटली उघडली. बाईंनी डोळे मिटून वास घेतला. जांभूळ, थोडी मिरी. गोणपाट कुठेच नाही. त्या दिवशीच्या बाटलीचं बूच कुबट असणार, असं त्या म्हणाल्या. मग तेच त्यांनी खुर्चीला सांगितलं आणि थांबल्या. खुर्ची करकरली, कुणी बसल्याजागी कूस बदलावी तशी.

"त्रेसष्टच म्हणतात," बाई म्हणाल्या. "एकदा दिलेला आकडा बदलायचे नाहीत. हयातीतही नाही."

सुदर्शनला भीती वाटत होती, आणि त्याहून जास्त रागही आला. दोन वर्षं या माणसाने बायकोचं नाक वापरलं आणि तिला एकदाही विचारलं नाही!

"तुमचा आकडा किती?"

"त्यांच्यासमोर कसं सांगू?"

इथे त्याने थांबायला हवं होतं. पण डोळ्यांपुढे मॅनेजर उभा होता. "सांगा," तो म्हणाला, "मी तोच धरतो."

बाईंनी पदर सावरला. "शहाऐंशी."

खुर्ची पुन्हा करकरली, या वेळी बराच वेळ, हातांवर भार देऊन जड माणूस उठतो तशी. मग काही नाही. बाईंची नजर हळूहळू दारापर्यंत गेली आणि तिथेच राहिली.

"गेले," त्या म्हणाल्या. "तीन महिने बसून होते."

सुदर्शनला खरा आकडा मिळाला होता, नोकरीही बहुतेक वाचली होती. त्याला फार लाज वाटली. बाईंनी कोरं कार्ड घेतलं, शहाऐंशी लिहिलं आणि खाली नाव कुणाचं घालू म्हणून विचारलं. तुमचंच, तो म्हणाला. त्यांनी आपलं नाव लिहिलं, पेन ठेवलं आणि रडू लागल्या. माणूस गणपतीत गेला होता, पण बाई विधवा झाल्या त्या या दुपारी, आपल्यामुळे, हे सुदर्शनला समोर बसून बघावं लागलं.