काहिलीचा आवाज

"पोरी, बुडबुडं डोळ्यानं बघायचं असत्यात, कानानं न्हाई!" गेणबाआबा म्हणाले आणि गुऱ्हाळावर हशा पिकला.

आबा म्हणजे पाटसच्या वाटेवरच्या या गुऱ्हाळाचे गुळव्या. पाक पिकला की नाही, रसाची ती अवाढव्य कढई, काहील, चुलाणावरून कधी उतरवायची, तिथे चाळीस वर्षं त्यांचाच शब्द. आणि रुबी म्हणजे चरकाचं इंजिन सांभाळणाऱ्या इक्बालची नववीतली पोरगी. तिने लांब सळईचं एक टोक उकळत्या रसात सोडलं होतं, दुसऱ्याला ओलं फडकं गुंडाळून मोबाइलचा माईक बांधला होता. लहान बुडबुड्याचा आवाज बारीक, मोठ्याचा जाड. पाक पिकतो तसे बुडबुडे मोठे होतात. मग आवाज मोजून पाक का कळू नये? घरी पातेल्यात तीनदा करून तिने पिकल्या पाकाच्या आवाजाचा नेमका आकडा काढला होता. पण सरांची अट होती : गुळव्याची सही आणली, तरच दौंडच्या विज्ञान प्रदर्शनात नाव. आणि आज शेवटचा दिवस!

मोबाइलवरची आवाज दाखवणारी रेघ मात्र जागची हलेना.

"मोबाइलबी झोपला की गं!" चुलाणात चिपाडं सारता सारता सुरेखाकाकू खिदळली.

रुबीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तिने डोळे मिटून नुसतंच ऐकलं. धडधड, धडधड. रेघ इंजिनाची होती!

"अब्बा, इंजिन बंद करा."

"पागल झालीस काय? चरकात ऊस असताना थांबवत न्हाईत. अपशकुन अस्तो."

"मग अपशकुन माझ्या नावावर घाला!" म्हणत तिने स्वतःच खटका ओढला.

गुऱ्हाळ गप्प झालं. काहील तेवढी बोलत राहिली. फद्... फद्... रेघ सुटली, खाली खाली घसरली, आकड्यावर आली.

"उतरवा!"

"तू कोण सांगणार? आजून दोन मिन्टं..."

"न्हाई आबा. आत्ता!"

आबांनी रागारागाने पळीभर पाक थंड पाण्यात सोडला, गोळी वळली आणि परातीवर आपटली. टण्!

"उतरवा रं!" आबाच ओरडले. गड्यांनी काहील उतरवली.

आबा बंद इंजिनाकडं वळले. "कालच्या दोन काहिली चिकट निघाल्या," ते हळूच म्हणाले. "मीबी पाक कानानंच धरत हुतो गं. ह्ये नवं इंजिन आलं आन् काय ऐकूच येईना."

"म्हंजी मला उगाच हसलात!"

"व्हय."

"मग करा सही."

आबांनी धोतराला हात पुसून पेन घेतलं. तेवढ्यात इक्बालचा हात खटक्याकडं गेला.

"ए इक्बाल," सही करता करता आबा गरजले, "पोरीला इचारल्याबिगर हात लावायचा न्हाई!"