झुलीची घुबडं

पपांनी जमिनीची वाटणी केली तेव्हा इदलिनाला आधी निवडू दिलं, कारण ती थोरली. तिने ओढ्याकाठची सपाट, मक्याची जमीन घेतली. धाकट्या झुल्मिराच्या वाट्याला आली टेकडी. खडक, वाळकं गवत आणि जमिनीत राहणाऱ्या खारींची बिळंच बिळं. इदलिनाला बहिणीची इतकी कीव आली की वर्षभर तिने तिला फुकट दूध पुरवलं. कीव करायला काय छान वाटतं ना!

आणि आता? आता त्याच बिळांत घुबडं राहायला आली होती. पारव्याएवढी, काटकुळ्या पायांची, भर दुपारी बिळाच्या तोंडाशी पहारा देणारी. सगळीकडून नाहीशी होत चाललेली. त्यांच्यामागोमाग आलं अधिवास मंडळ.

मंडळ म्हणजे चार गावांचे महापौर आणि जिल्हा कार्यालयाच्या एक बाई. नवीन घरं बांधणाऱ्या प्रत्येक बिल्डरकडून ते शुल्क घेत आणि त्यातून एखाद्या मालकाला पैसे देऊन त्याची जमीन कायमची राखून ठेवत. जमीन मालकाचीच, गुरंही चरणार, फक्त तिथे घर कधीच उठणार नाही. यंदा बांधकामं थंडावलेली, म्हणून पैसे एकाच जमिनीपुरते होते. झुल्मिराला ते हवेच होते. नाहीतर टेकडी बिल्डरला विकावी लागणार, हे तिने रडत रडत इदलिनालाच सांगितलं होतं. इदलिनाचं काहीच अडलं नव्हतं. तरी तिनेही अर्ज ठोकला.

"अगं, पण तुझ्याकडे घुबडं कुठायत?" झुल्मिराने कुंपणावरून विचारलं.

"येतील की. माझ्याकडे काय काटे पेरलेत?"

पण घुबडं बघायला येणारी शाळेची बस झुल्मिराकडे. पेपरात फोटो झुल्मिराचा, तोही पपांची टोपी घालून! मंडळाची पक्षीतज्ज्ञ हॅना कॉफी प्यायची ती झुल्मिराकडेच. हद्द म्हणजे, लहानपणापासून ओळखणारे फादर इदलिनाला म्हणाले, "तू त्या घुबडवाल्या झुल्मिराची बहीण ना?" रात्रभर ती उशीला बुक्के मारत होती.

एकदा हॅना टेकडीवर बिळांभोवती पांढरा रंग शिंपडताना तिला दिसली.

"हे काय, आता घुबडांचं घर रंगवून देतेस?"

"ही त्यांची शीट आहे. म्हणजे, खोटी," हॅना हसली. "आधीच कुणीतरी इथे राहतंय असं दिसलं की घुबडांना ती जागा आवडते. दुसऱ्याकडे बघून घर निवडतात."

इदलिनाला त्या पक्ष्यांचं मन एकदम कळलं.

पुढच्या रविवारी गुडघा दुखतोय म्हणून तिने मिस्सा चुकवली. झुल्मिराची गाडी चर्चच्या वाटेला लागताच गोठ्याच्या चुन्याची बादली आणि ब्रश घेऊन ती आपल्या बांधावरच्या खारींच्या दोन-चार बिळांशी बसली. असे काही शिंतोडे उडवले, की गावभरच्या घुबडांचं पोट बिघडलंय असं वाटावं.

फसवायचं होतं हॅनाला. फसली घुबडं! थोड्याच दिवसांत झुल्मिराची जोडी, हॅनाने ओळखीसाठी पायांत निळी कडी घातलेली, कुंपण ओलांडून थेट इदलिनाच्या बांधावर. मादी अंड्यांवरही बसली.

मंडळाच्या सभेत हॅना पडेल आवाजात म्हणाली, "टेकडी रिकामी आहे. जोडी आता इदलिनाबाईंकडे आहे."

"मग प्रश्नच मिटला," अध्यक्ष म्हणाले. "घुबडं जिथे, पैसे तिथे."

इदलिनाच्या छातीत चर्चच्या जत्रेचा, फेस्टाचा बँड वाजायला लागला. आता झुलीचं पडलेलं तोंड बघायचं! तिने मान वळवली, तर झुल्मिरा माईकपाशी उभी.

"वाईट वाटतंय," ती म्हणाली. "पण घुबडं गेली ती कुणाकडे? माझ्या थोरल्या बहिणीकडे. हिने मला वर्षभर दूध पाजलंय. हिच्या दारातून उपाशी कुणी जात नाही. द्या हिलाच."

काय टाळ्या पडल्या! जिल्ह्याच्या बाईंनी डोळे पुसले. पेपरवाला धावत आला आणि त्याने फोटो काढला. झुल्मिराचा.

म्हणजे हरतानासुद्धा फोटो हिचाच? इदलिनाच्या अंगाची लाही लाही झाली. तिने माईक हिसकावला.

"थांबा! टाळ्या कसल्या वाजवताय? ती शीट माझी आहे!"

हॅनाने चमकून वर पाहिलं.

"म्हणजे, चुना! मी उडवलाय. हिची घुबडं पळवलीत मी. जागा हिचीच खरी. पैसे हिला द्या!"

कुणी टाळी वाजवली नाही. मागे कुणीतरी फिस्सकन हसलं मात्र. हॅनाने सांगितलं, चुना पुसला गेला की जोडी पुन्हा टेकडीवर जाईल, आणि टेकडीच्या बाजूने सगळे हात वर गेले.

बाहेर झुल्मिराने गोड पावाचा तुकडा तिच्या हातात ठेवला. "गुडघा कसाय गं?"

"तुला माहीत होतं?"

"चर्चहून परतले तेव्हा तू कोपरापर्यंत पांढरी होतीस."

"मग बोलली का नाहीस?"

"मी कशाला बोलू? मला टाळ्या पडल्यावर तू कधी गप्प बसलीयेस?"

पण अंडी फुटून पिल्लं उडेपर्यंत जोडी हलणार नव्हती. त्यामुळे त्या वसंतात शाळेची बस इदलिनाच्या दारात थांबली. पपांची टोपी तिने झुल्मिराकडून मागून आणली होती. कुंपणापलीकडे झुल्मिरा दुर्बीण घेऊन, ओठ आवळून उभी.

"इदा, जरा सरक ना. माझी घुबडं दिसत नाहीत."

"कुणाची?" इदलिना म्हणाली, आणि जागची हललीसुद्धा नाही.