फळीवरचे बिल्ले

खाणीत सुरुंग लावणाऱ्या आबांचा एक नेम होता. खाली उतरणारा प्रत्येक जण फळीवरच्या खिळ्याला आपला बिल्ला अडकवी आणि वर आला की काढून घेई. फळी रिकामी झाल्याशिवाय आणि तीनदा हाळी दिल्याशिवाय आबा वात पेटवत नसत. एकदा एक गडी बिल्ला न काढताच घरी गेला. तो तिकडे घोरत पडला आणि इकडे अख्खी खाण संध्याकाळपर्यंत हातावर हात ठेवून बसली!

एका सकाळी खाणीवर येऊन आबांच्या लेकीने सुरुंगाच्या कोठीची किल्ली मागितली. सरकारने वस्ती रिकामी करायचा हुकूम काढला, तेव्हा तिच्या भावाने फक्त ‘का?’ विचारलं होतं. आता तो चौकीत कोंडलेला होता. उद्या त्याला पुलापलीकडे नेणार होते, आणि तिकडे नेलेला कोणी अजून परतला नव्हता.

“आबा, चौकीच उडवायची.”

“बरं. दुपारी आत कोण कोण असतं? तेवढे बिल्ले अडकव.”

“थट्टा सुचतेय तुम्हाला?”

“अडकव तर.”

तिने रागारागाने अडकवले. साहेब. तो मारकुटा जाड्या शिपाई. दुसरा शिपाई. मग हात जरा थबकला. झाडणारी मावशी.

“आणि दादा?”

“तो मागच्या खोलीत आहे. भिंत जाड आहे.”

“भिंतीचं मला विचार.”

तिचे डोळे भरले. “हुकूम मोडला म्हणून वस्तीत आमच्यावर गोळ्या झाडल्या, तेव्हा त्यांनी बघितली होती फळी?”

“नाही बघितली.” आबा फळीकडे वळले. “हात जोडून आता भागत नाही, हे तुझं खरंच आहे. कुठवर जावं, ते मला कळत नाही, पोरी. मला फळी तेवढी वाचता येते.” मग त्यांनी विचारलं, “पुलावर दुपारी कोण असतं?”

“उन्हात? कोणीच नाही.”

आबा किल्ली घेऊन उठले.

“तुम्ही नुसतं सामान द्या. आम्ही गुपचूप उडवू.”

“गुपचूप? मग हाळी कोण देणार?”

“हाळी दिलीत तर पकडतील तुम्हाला!”

“पकडू देत.”

दुपारी नदीकाठी खणखणीत हाळी उठली. एकदा, दोनदा, तीनदा. शिपाई धावत आले. सगळ्यांत पुढे असलेल्या जाड्याला आबांनी दोन्ही हात पसरून अडवलं. “थांब रे बाबा, वात पेटलीय!”

पूल कोसळला. दादाला नेणं लांबलं. शेजारच्या कोठडीत आबा आले.

संध्याकाळी लेक खाणीवर गेली आणि तिने फळीवर दोन बिल्ले अडकवले, एक दादाचा आणि एक आबांचा.