उजव्या पायाचं माप

"घाल ना बाई, सगळ्यायच्या समोर घाल," हिंमतमामा म्हणाला आणि खोक्यातून काढलेले बूट त्यानं रुपालीच्या पुढ्यात ठेवले.

बाबांच्या तेरवीचा मांडव अजून अंगणात उभा होता. मामा डोणगावहून दुखवटा घेऊन आला होता. घरातलं माणूस गेलं की माहेरच्यांनी नवं वस्त्र आणायचं, ते अंगावर चढलं की दुखवटा निघाला. तोवर घरात कुणी नवं काही घालायचं नाही. आईसाठी त्यानं फिकट निळं लुगडं आणलं होतं आणि भाचीसाठी पळायचे बूट.

"दुखवट्यात बूट मी पह्यल्यांदाच पाह्यले, बाप्पा," शेजारच्या पंचफुलाकाकू म्हणाल्या.

"मंग काय लुगडं नेसून पळन ते?" मामानं विचारलं.

बाया हसल्या. आईसुद्धा जराशी हसली. बाबा गेल्यापासून त्या घरात कुणी हसलं नव्हतं. रुपालीनंही हसून उजवा पाय पुढे केला. बूट असा बसला, जणू तिच्या पायावरच शिवला होता. मामानं समाधानानं आजूबाजूला पाहिलं.

मग डावा. टाच आत जाईना. तिनं नाडी सैल केली, बुटाची जीभ वर ओढली, जमिनीवर पाय आपटला. टाच गेली, पण पुढे अंगठा असा टेकला की वेदना थेट पोटरीत चढली.

"बसला?"

सगळ्या बाया तिच्या पायांकडे पाहत होत्या.

"बसला," ती म्हणाली.

वनरक्षकाच्या भरतीची लेखी परीक्षा ती पास झाली होती. आता राहिलं होतं ते पळणं, तीन किलोमीटर, आणि तेही पुढच्या पंधरवड्यात. या वेळी राहिलं तर पुढच्या भरतीला तिचं वय बसणार नव्हतं. जुन्या बुटांचे तळ बाबा दवाखान्यात होते तेव्हाच उलले होते. तेव्हा त्याकडे बघायला कुणाला सवड नव्हती.

बाबा विहिरीलगतच्या तुकड्यात वांगी, मेथी, कोथिंबीर लावायचे आणि मोताळ्याच्या बाजारात नेऊन विकायचे. पोरीला स्थळं येत होती, ती त्यांनी भरतीपायी थांबवून धरली होती. ती पहाटे पळायला निघाली की ते बांधावर येऊन बसत. गावात, रोहिणखेडात, त्यावर बोलणारे होतेच. पारावर एकदा कुणी म्हणालं, शेषराव, पोरगी पळून राह्यली म्हंतात तुही. बाबांनी बिडी विझवली आणि म्हणाले, "हाव. पळून राह्यली. पळून जाऊन नाई राह्यली." ते ऐकून तिला दोन दिवस हसू आवरत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती नवे बूट घालून जुन्या मशिदीच्या अंगानं जाणाऱ्या कच्च्या रस्त्याला लागली. पहिल्या वळणापर्यंत बरं गेलं. मग उतार आला आणि प्रत्येक पावलाला डावा अंगठा पुढच्या कापडावर आदळू लागला. पाटापाशी ती बसली, बूट काढला. नख जांभळं पडलं होतं. उजवा पाय मात्र शांत, ताजा, काही घडलंच नसल्यासारखा. तिला त्या पायाचाच राग आला.

बूट लागतो म्हटल्यावर प्रत्येकाकडे उपाय तयार होता. आई म्हणाली, खोबरेल लाव, आंग धरतीन ते. पंचफुलाकाकू म्हणाल्या, ओले कपडे कोंबून रात्रभर ठेव. सराव घेणारे सर फोनवर म्हणाले, नवा बूट आहे, पायाला सवय होऊ दे, नाटकं करू नको. पाय पाहायला कुणी मागितला नाही.

प्रतीक्षा मोताळ्याची. तीही याच भरतीत होती आणि तिच्या फोनमध्ये सगळ्या जगाची विद्या होती.

"तुहा पाय सपाट असन बे," ती फोनवर म्हणाली. "सपाट पायाले वेगळा बूट लागते. मी व्हिडिओ पाह्यला."

"माह्या पायात खळगा आहे."

"तुले काय दिसते वरून? पाय ओला कर, कोरड्या फरशीवर उभी राह्य. मधात जागा कोरडी राह्यली तं ठीक. अन टाचा भितीले लावून उभी राह्य, नाई तं वाकडीतिकडी राह्यशील तू."

रुपालीनं मोरीत पाय ओले केले आणि ओट्यावर, भिंतीला टाचा लावून उभी राहिली. बाजूला होऊन पाहिलं. खळगे दोन्हीकडे नीट उमटले होते. प्रतीक्षाची विद्या वाया गेली, म्हणून ती चिडून वळणार, तेवढ्यात तिला दिसलं. डाव्या पायाचा अंगठा फरशीचा सांधा ओलांडून पुढे गेला होता. उजव्याचा सांध्याच्या अलीकडेच थांबला होता. करंगळीच्या पेराएवढा फरक. तिनं पुन्हा पाय ओले केले, पुन्हा टाचा चिकटवल्या. पुन्हा तेच.

"माय," तिनं आत हाक मारली, "मामाले माप कोणी देल्लं होतं?"

"मी देल्लं." आई भाजी निवडत बसली होती. "चौकटीवर खोचेल होती ना तुह्या बाबाची काडी. तेच देल्ली. मागच्या दिवाळीची आहे, पाय काय आता वाढते थोडाच?"

मामानं काडी परत आणून जागेवर ठेवली होती. तुराटीची, दोन्ही टोकं दातानं तोडलेली. रुपालीनं ती उजव्या पायाखाली धरली. टाचेपासून अंगठ्यापर्यंत तंतोतंत. डाव्या पायाखाली धरली, तर अंगठा बाहेर.

लहानपणापासून असंच चाललं होतं. बाजाराच्या आदल्या दिवशी बाबा उंबऱ्यावर बसून म्हणायचे, "आण इकडं, उजवा आण." शुभ ते सगळं उजव्यानं. पेरणीला पहिलं पाऊल उजवं, नवी सून उंबरा ओलांडते ती उजव्या पायानं, मग पोरीच्या चपलेचं माप तरी डाव्याचं कसं घेणार? तुराटी मोडून, दातानं बरोबर करून ते खिशात ठेवायचे. बाजारात ती काडी चपलेत घालून पाहायची, बसली की घ्यायची. डावी लागते म्हटलं की ते म्हणत, घालून पाह्य चार दिवस, बसन. बसायची नाही. पण रुपालीला वाटे, खोट पायातच आहे. एक पाय शहाणा आणि एक हट्टी, असं धरून ती इतकी वर्षं चालत आली होती.

"माय, बाबा एकाच पायाचं माप घेत होते. माहा डावा मोठा आहे."

आईचा हात थांबला. "म्हंजे तुह्या बापाचं माप चुकलं म्हंतं तू?"

"चुकलं नाई म्हणत. एकाच पायाचं..."

"आता कुठं तेरवी झाली अन बापाच्या चुका काढून राह्यली."

"मले फक्त बूट बदलून आणायचे आहेत माय."

"दुखवट्याचं परत देत नसते कोणी." आईचा आवाज चढला नाही, तो खाली गेला. "परत नेऊन देणं म्हंजे आपल्या घरातलं दुःख त्याच्या दारात नेऊन ठेवणं. हिंमतले काय वाटन?"

रुपालीला आदळआपट करावीशी वाटली, पण समोर आई होती, कपाळ मोकळं असलेली. गेलेल्या माणसाचं सगळं बरोबरच असतं. ते जिवंत असते तर तिनं काडी त्यांच्या हातात देऊन भांडण केलं असतं आणि त्यांनी मान हलवून म्हटलं असतं, अरे हाव की. तेवढ्यावर मिटलं असतं. आता ती गोष्ट साध्या शब्दांत सांगायलाही जागा उरली नव्हती.

दोन सकाळी ती तशीच पळाली. तिसऱ्या सकाळी नखाखालून रक्त आलं. मोज्याला चिकटलेलं नख सोडवताना तिनं मामाला फोन लावला.

मामानं डाव्या पायाचं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मी तीन दुकानं फिरलो पोरी. काडी घालून घालून पाह्यली. दुकानवाले हासत होते मले."

"मले माहीत आहे मामा."

"मातीत घातले ना? मंग कोणी परत घेत नाई."

"घेत नसन तं राहू द्या. मी दुसरे घेते. माय नाई म्हंते."

"परवा बुलढाण्याले माही कोर्टात तारीख आहे," मामा म्हणाला. "दुपारून ये. सकाळी येऊ नको, सकाळी वकील सापडत नाई अन मी चिडेल राह्यतो."

दुपारीही तो चिडलेलाच होता. तारीख पुढची मिळाली होती. रस्ताभर तो न्यायाधीशावर, एसटीवर आणि हल्लीच्या बुटांवर बोलत राहिला. दुकानाच्या भिंतीवर फळ्यांवर बूटच बूट होते, आणि रुपाली उभ्याउभ्या ते पाहू लागली तर प्रत्येक फळीवर एकेकच, आणि सगळे उजवे.

"घाला ताई," दुकानदारानं एक काढून पुढे केला. गुलाबी पट्ट्यांचा होता.

"याचा डावा द्या."

"डावा आतून काढाव लागते. आधी हा तं पाहा. दोन्ही सारखेच राह्यते."

"बूट सारखे राह्यतात. पाय नाई."

दुकानदारानं मामाकडे पाहिलं. मामा पंख्याकडे पाहू लागला. डावा आला. लहान. त्याहून मोठा आला, तोही लहान. फळीवरचे रंग संपले, आतली खोकी संपली.

"याच्यापुढं लेडीजमध्ये येतच नाही ताई. बायांचे पाय एवढे राह्यत नाही."

"माहे आहेत," रुपाली म्हणाली. "जेन्ट्सचा दाखवा."

"मानसाचे?" मामा दाराकडे सरकला. "पोरी, लोक..."

"मामा, नख गेलं माहं." तिनं मोजा काढला आणि पाय त्याच्यासमोर स्टुलावर ठेवला. "पाहा. बाबाचं माप चुकलं असं मी म्हणत नाई. त्यायनं उजव्याचं घेतलं, तुम्ही उजव्याचं आणलं, इथं उजवेच मांडून ठेवले. हा पाय कोणी पाह्यलाच नाई."

मामा पाहत राहिला. बाहेर कुणीतरी हॉर्न वाजवून थकलं. मग त्यानं दुकानदाराला काळ्या बुटाची खूण केली. "तो आण. डावा आण आधी."

तो काळा, साधा, रुंद पंजाचा होता. रुपालीनं नाडी बांधली आणि उभी राहिली. दुकानदार पुढे झाला, पण मामा त्याच्याआधी खाली वाकला. पागोटं सावरत त्यानं बुटाच्या टोकावर अंगठा दाबला.

"दादा, मी पाहतो ना," दुकानदार अवघडून म्हणाला.

"भाची आहे माही. आमच्यात मामाले भाचीच्या पाया पडाच लागते. मंग दाबूनबी पाह्यतो." त्यानं पुन्हा दाबलं. "कुठी आहे अंगठा? हा का?"

"थोडा अलीकडं."

"मंग पुढं एवढी पोकळी कायची?"

"तेवढी पाह्यजेच," दुकानदार म्हणाला. "पळताना पाय पुढं सरकते. उजवा ढिला पडन, त्याच्यात एक सोल टाकून देतो."

मामा गुडघ्यावर हात ठेवून उठला. खिशातून त्यानं पाकीट काढलं. रुपालीनं तिचं काढलं होतं ते त्यानं नुसतं डोळ्यांनी परत ठेवायला लावलं. "ते पह्यले बूट घरी राहू दे," तो म्हणाला. "मी देल्ले, तू घातले, बायानं पाह्यले. दुखवटा निघाला. अक्काले मी सांगतो." जरा थांबून, दुकानदाराला ऐकू जाणार नाही इतक्या हळू आवाजात म्हणाला, "भाऊजी उजवंच मोजत असतीन. मीबी उजवंच मोजलं असतं."

"पळून पाह्यते जरा," रुपाली म्हणाली.

"बाहेर नका नेऊ ताई, तळ खराब होईन."

"खराब झाले तं घेतले समज," मामा म्हणाला.

दुकानासमोरचा रस्ता चढाचा होता. कुर्त्यावर मर्दानी बूट घातलेली बाई पळताना पाहून चहाच्या टपरीवरच्या माना वळल्या, कुणी काही म्हणालंही. तिला ते ऐकू आलं नाही. ती पायांकडे लक्ष देऊन पळत होती, दुखायची वाट पाहत. चढ संपत आला तरी दुखलं नाही.

मग तिच्या ध्यानात आलं, डाव्या पायाची बोटं आतल्या आत आखडलेली होती. समोर बोटभर जागा मोकळी होती आणि ती तिथवर जात नव्हती. गर्दीत उभ्या माणसासारखी अंग चोरून मागेच थांबली होती. किती वर्षं ती अशी आखडून चालत आली होती, हे तिला माहीतच नव्हतं. तिनं वेग कमी केला, पाय जरा सैल टाकला. करंगळी उघडली. मग तिच्या शेजारची. अंगठा आला नाही.

तिनं त्याला घाई केली नाही. सावकाश पळत ती चढावरून आणखी थोडी पुढे गेली.