बांडीची खांदशेकणी

दरसाल पोळ्याला विमलताईंचा डावा पाय ओला व्हायचा. पावसानं नव्हे, चिखलानं नव्हे, चांगलं गाडीत बसल्या-बसल्या. सकाळी नारळ-बेगड आणायला दोघं नवराबायको घाटंजीला निघायची आणि पहिल्याच वळणाला कुठून कोण जाणे, थंडगार पाण्याची धार पायावर यायची.

"अवो, माये पाय ओले होऊन राह्यले."

"तुलेच वाटते," विठ्ठलराव म्हणायचे आणि गाडी हाणायचे. चालवायचे नाहीत, हाणायचे. वळणावर तोंडातून 'हो हो' निघायचं ते वेगळंच.

गाडी पांढरी. मुलगा कपिल कॉलेजात असताना त्यानं ती निंबाला ठोकली, तेव्हा एक दार भंगारातलं बसवलं, ते निघालं राखाडी. तेव्हापासून ती बांडी. पण नाव काही तेवढ्यासाठीच पडलं नव्हतं. विठ्ठलरावांचा शेवटचा बैल बांड्या होता, काळ्यावर पांढरे ठिपके. त्याचा जोडीदार चांद्या एका उन्हाळ्यात गेला आणि बांड्यानं दुसऱ्या कोणाशी जुपून घ्यायचं नावच काढलं नाही. मग तोही गेला, ऐन पोळ्याच्या तोंडावर. वावरात भाड्याचा ट्रॅक्टर आला आणि मोकळ्या गोठ्यात गाडी उभी राहू लागली.

त्या साली पोळ्याच्या आदल्या दिवशी विमलताईंनी सवयीनं बैलांच्या खांदशेकणीचं पाणी तापवलं. हळद कालवली, तूप काढलं. पाण्याला वाफ आली तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं, आता शेकायचा तरी कोणाचा खांदा? त्यांनी जीभ चावली. पण विठ्ठलरावांनी लोटा उचलला, पळसाची पानं घेतली आणि गोठ्यात गेले. विमलताई दारातून पाहत राहिल्या. म्हातारा गाडीपुढं बराच वेळ नुसता उभा होता. मग बोनेट संपून काच सुरू होते तिथली काळी जाळी त्यांना सापडली. गाडीला खांदा असलाच तर तिथंच असणार! तिथं त्यांनी हळद-तूप चोळलं, पळसाच्या पानानं शेकलं, वरून लोटाभर पाणी सोडलं आणि बैलाला म्हणायचे तसंच हळूच म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

विमलताईंनी पदरानं डोळे पुसले आणि चुलीवर धूर झाल्यासारखं खोकून घेतलं.

पुढं तो रिवाजच पडला. दुसऱ्या दिवशी बोनेटवर बांड्याची झूल चढायची, गाडी तोरणाखाली शेवटी उभी राहायची. गावची पोरं खोड्या काढायची, "काकाजी, गाडीले कडबा टाकला का?" विठ्ठलराव म्हणायचे, "तुया बापाले पाठव, तोच टाकते." पोळा फुटला की झूल घडी घालून गाडीच्या डिक्कीत जायची, थेट पुढच्या सालापर्यंत.

या उन्हाळ्यात बांडी रस्त्यात बंद पडू लागली. थंड असली की सुरू व्हायची, तापली की मान टाकायची. मुकुटबनला विमलताईंच्या भावाकडे निघाले असताना तर भर रस्त्यात बसली, मागून ट्रक येत होता. यवतमाळच्या शोरूमवाल्यानं मशीन लावून पाहिलं आणि निकाल दिला: इंजिनाचा कॉम्प्युटर गेला, आता हा कंपनी बनवत नाही, गाडी काढून टाका.

गाडीलाही कॉम्प्युटर असतो, हे विमलताईंना तेव्हा समजलं. घरात एवढ्या वर्षांत कोणी सांगितलं असेल तर शपथ!

कपिल त्या ट्रकाच्या गोष्टीनं हादरला होता. "बाबा, पोळा होऊ द्या, मग भंगारवाला येऊन घेऊन जाईन. मी दुसरी घेऊन देतो तुमाले."

विठ्ठलराव म्हणाले, "हाव."

नुसतं हाव! भाजीतल्या मिठावरून अर्धा तास भांडणारा माणूस! हे मुकाट गिळणं विमलताईंनी एकदा पाहिलं होतं, बांड्या गेला तेव्हा. तसेच आताही ते गोठ्यात जाऊन बसू लागले, अर्धी भाकर टाकून उठू लागले. तेव्हा अंगात रग होती म्हणून सावरले. आता या वयात माणूस खाटेला टेकला की खाट त्याला सोडत नाही. गाडी गेली तर मागोमाग माझा म्हातारा जाईल, असं विमलताईंनी मनात धरलं ते धरलंच.

बाजाराच्या दिवशी त्यांनी पिशवी उचलली, ऑटोत बसल्या आणि घाटंजीला देवीलालच्या गॅरेजात जाऊन उभ्या राहिल्या. देवीलाल जवळच्या तांड्यावरचा, त्याचा बाप विठ्ठलरावांचा दोस्त. गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा आणि तोंडाला कुलूप नाही, असा गडी.

"काकू, शोरूमवाले काय सांगतात? जुन्या गाडीचा कॉम्प्युटर जुन्या गाडीतूनच भेटते. पह्यले पाहू तं द्या."

तो आला तेव्हा विठ्ठलराव ओट्यावर पाठ करून बसले. जनावराचा डॉक्टर यायचा तेव्हाही असेच बसायचे, बांड्याला सुई टोचलेली त्यांना पाहवत नसे. विमलताई मात्र गोठ्यात कंबरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. देवीलाल डाव्या सीटच्या पायापाशी उलटा शिरला आणि डॅशबोर्डच्या आतून त्यानं पत्र्याची एक चपटी डबी काढली, डब्याच्या झाकणाएवढी.

"हा पाहा, गाडीचा मेंदू. पन हे काय हो काकू?"

डबीच्या तोंडाशी तारांच्या पिना हिरव्या पडल्या होत्या. आणि कडेनं, झाकणाच्या फटीत, आत पट्टीवर सगळीकडे पिवळं. देवीलालनं नखानं खरवडलं, वास घेतला.

"हे तं हळद हाये! अन् तूपबी! गाडीत कोन भाजी फोडनी देऊन राह्यलं?"

विमलताई मटकन गव्हाणीवर बसल्या. काळी जाळी, लोटाभर पाणी, हळद-तूप. जाळीतून गळलेलं पाणी आत साचायचं आणि वळणावर या डबीवरून होऊन मग त्यांच्या पायावर यायचं. म्हणजे इतक्या सालांत आपला पाय खरंच ओला होत होता! क्षणभर त्यांना जिंकल्यासारखं वाटलं, हसूच फुटलं. आणि लगेच ते विरलं. ज्या माणसानं या गाडीला जनावरासारखा जीव लावला, त्यालाच जाऊन सांगायचं की बाबा, तुझ्याच मायेनं ही मेली?

"देवीलाल, तुले मायी आन हाये. उंदरानं केलं म्हन."

देवीलालनं त्यांच्याकडे पाहिलं, डबीकडे पाहिलं, खर्रा या गालातून त्या गालात केला. "उंदीर तं उंदीर," तो म्हणाला आणि ओट्याकडे तोंड करून ओरडला, "काकाजी, उंदीर! एवढाले एवढाले! सप्पा कुरतडून टाकलं!"

इतकं ओरडायची काही गरज नव्हती. पण सांगणार कोण!

नागपूरच्या भंगार बाजारात देवीलालला तशाच एका मोडलेल्या गाडीची डबी मिळाली, वरचा नंबर जुळवून. ती घेऊन तो आला नेमका खांदशेकणीच्या दिवशी दुपारी. जुनी डबी त्यानं उचलून डिक्कीत टाकली, नवी बसवली, चावी फिरवली. इंजिन घर्र घर्र करत राहिलं, पण सुरू होईना. काचेमागे चावीचं चित्र लुकलुकत होतं.

"काय झालं रे?" विमलताईंचा जीव टांगणीला.

"याले तुमची चावी ओयखू येत नाई, काकू. हा दुसऱ्या घरचा."

विमलताईंना ते लगेच पटलं. बाजारातून आणलेला बैल तरी कुठं पहिल्या हाकेला येतो? देवीलालनं लॅपटॉप जोडला, काय काय बटणं दाबली आणि ओट्याकडे पाहून म्हणाला, "काकाजी, या आता. चावी तुमच्याच हातानं लावा."

विठ्ठलराव अनवाणीच उठून आले. चावी लावली, काढली, पुन्हा लावली. लुकलुकणं थांबलं. आणि बांडी अशी सुरू झाली की छपरातल्या चिमण्या उडाल्या! म्हाताऱ्यानं बोनेटवर हात ठेवला, तो काही लवकर उचलला नाही. त्या दुपारी त्यांनी दुसरी भाकर मागून घेतली, वर भाजीत मीठ कमी आहे म्हणून कुरकुरले. विमलताईंना वाटलं, देवा, पावलास!

जाताना देवीलाल मात्र हळूच सांगून गेला, "काकू, म्या आतून चिकटपट्टी मारली, पन जाळीवर लोटाभर पानी पडलं तं हेबी जाईन. अन् आता दुसरा भेटत नाई."

झालं! संध्याकाळ तोंडावर आली होती.

विमलताईंनी जाहीर केलं, गॅस संपला. विठ्ठलरावांनी अंगणातली चूल पेटवली. हळद संपली म्हणावं तर त्यांनी डबा स्वतःच काढला. विमलताई कणीक तिंबत होत्या, पण कान गोठ्याकडे. डिक्की उघडल्याचा आवाज आला, झूल झटकल्याचा आला. मग बराच वेळ काहीच नाही. त्यांना राहवेना. हात तसेच कणकेचे घेऊन त्या धावल्या.

झूल बोनेटवर चढली होती. विठ्ठलराव जाळीपुढं उभे होते, एका हातात वाफेचा लोटा, दुसऱ्यात पळसाची पानं.

"थांबा!" विमलताई मधे येऊन उभ्या राहिल्या. खरं सांगायचं नव्हतं आणि खोटं सगळं वापरून झालं होतं. मग जे तोंडात आलं ते आलं. "दरसाल हिचेच खांदे शेकता! या घरात आनखी एक जनावर हाये म्हनलं. लगन होऊन आली तवापासून जुपलेलं. त्याचा खांदा कोन शेकन?"

आणि गव्हाणीच्या काठावर पाठ करून बसल्या. बसल्या खऱ्या, पण लाजेनं कान तापले. हा माणूस आता हसणार, लोटा तसाच गाडीवर ओतणार.

खांद्यावर ऊन ऊन पान टेकलं.

विठ्ठलराव हळूहळू शेकत होते, मानेपासून खांद्याच्या टोकापर्यंत, जू बसतं तिथं थोडं दाबून. त्या खांद्यावरून किती घागरी, किती कापसाची ओझी गेली होती, ते त्याच खांद्याला ठाऊक. विमलताईंनी डोळे मिटले. कित्येक वर्षांत कोणी असा हात लावला नव्हता.

"विमल," मागून आवाज आला, "उंदीर हळद खात नाई."

डिक्की. झुलीशेजारीच पडलेली ती डबी!

"म्या पाह्यली मघाशी. म्हनून तं उभा होतो इथं लोटा घेऊन. ओतू कुठं, सुचून नाई राह्यलं." त्यांनी पान पुन्हा खांद्यावर टेकवलं. "तू किती साल सांगून राह्यली का पाय ओले होते म्हनून. म्या आयकलं नाई."

विमलताईंना रडू आलं आणि त्यांनी ते दाबलं नाही. रडू द्यावं कधीकधी माणसाला, गोठ्यात पाहतंय कोण!

विठ्ठलरावांनी तूप-हळद चोळली, उरलेलं पाणी खांद्यावर सोडलं आणि समोर येऊन दोन्ही हात जोडले. सगळ्या जन्मात बायकोला अगंतुगं करणारा तो माणूस म्हणाला, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

"हाव," विमलताई नाक पुसत म्हणाल्या, "अन् सयपाक कोन करन? देवीलाल?"

"म्या करतो."

यावर त्या अशा हसल्या की बसल्या जागी हलल्या. पाठीवरचं हळदीचं पाणी लुगड्यातून ओघळत खाली पोचलं.

"अवो, माये पाय ओले झाले ना!"

"तुलेच वाटते," विठ्ठलराव म्हणाले, आणि खांद्यावरचं उपरणं काढून त्यांचे पाय पुसायला खाली बसले.