वर चढणारी शिडी

मामांनी भाचीचं नाव खोडरबर ठेवलं होतं, आणि त्यात त्यांची काही चूक नव्हती. गणित बिघडलं की ही पोरगी कागदाला भोक पडेपर्यंत खोडत बसायची. मामांना खोडाखोडीचा भारी राग. जन्मभर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवलेला माणूस; त्यांचा नियम एकच. चूक खोडायची नाही, तिच्यावर एक रेघ मारायची, शेजारी ती का झाली ते लिहायचं आणि पुढे जायचं. "लपवलेली चूक घर करून राहते," असं म्हणत ते तिचा रबर खुशाल कपाटावर फेकून द्यायचे. लग्न त्यांनी केलं नव्हतं. निवृत्त झाल्यावर धाकट्या बहिणीकडे राहायला आले आणि भाचीचं कलन, म्हणजे कॅल्क्युलस, नि भौतिकशास्त्र त्यांनी आपणहून अंगावर घेतलं.

शिडीचं गणित त्यांचं लाडकं. भिंतीला शिडी टेकवलीय, तिचा पाय बाहेर सरकतोय, तर वरचं टोक किती वेगानं खाली येतंय? पोरगी हटकून उणे चिन्ह विसरायची. उणे नाही म्हणजे टोक खाली यायच्या ऐवजी वर चाललं. मग मामा टेबलावर थाप मारून ओरडायचे, "अगं, शिडी वर चढते काय?" एकदा शेजारच्या बाई दार वाजवून विचारून गेल्या, कुणाची शिडी चोरीला गेली का म्हणून.

मग मामा चष्मा फ्रिजमध्ये ठेवायला लागले. तेव्हा सगळे हसले, मामासुद्धा. पुढे एकदा दूध गॅसवर ठेवून ते फिरायला निघून गेले आणि स्वयंपाकघरातला पडदा पेटला. तेव्हा कुणी हसलं नाही. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, हे दुखणं मागे फिरणारं नाही. आई दिवसभर औषधांच्या दुकानात उभी, पोरगी कॉलेजात, घरात हा माणूस एकटा. शेवटी आईनं अशा माणसांना सांभाळणाऱ्या एका संस्थेत चौकशी केली. जागा होती. सोमवारपर्यंत कळवा म्हणाले.

पोरगी हमरीतुमरीवर आली. "मामाला अजून सगळं येतं! गणितातली एक चूक सुटत नाही त्याच्या हातून. तू समोर बसून बघ."

"बरं," आई म्हणाली. "मी बघते. दादाला खरंच येत असलं तर नाही म्हणून कळवते. बाई ठेवू दिवसभराची, काहीही करू." तिलाही निमित्तच हवं होतं. सख्ख्या भावाला घराबाहेर ठेवणं तिच्या जिवावर आलं होतं.

रविवारी सकाळी तिघं जेवणाच्या टेबलाशी बसली. पोरीनं शिडीचं गणित सोडवून आणलं होतं. आता तिला ते झोपेतही आलं असतं, म्हणून उणे चिन्ह तिनं मुद्दामच गाळलं होतं. मामांना ही चूक पकडता येणार नाही असं होणंच शक्य नव्हतं. थोडी लबाडी होती, पण ती मामांसाठी होती.

मामांनी चष्मा पुसला. बोट ओळीओळीवरून खाली आलं, चुकलेल्या ओळीवर थांबलं. पोरगी पुढे झुकली. बोट पुढे सरकलं.

"बरोबर," मामा म्हणाले. "शाब्बास."

आईचा जीव भांड्यात पडला. कलनातलं तिला ओ की ठो कळत नव्हतं. "येतंय की गं त्याला!" डोळे पुसत ती उठली. "आत्ताच फोन करते त्यांना."

पोरगी जागची हलली नाही. "मामा, नीट बघ ना परत."

मामांनी आजूबाजूला पाहिलं. "मामा आहेत होय तुझे घरी? मग त्यांना दाखव की, बाळ. मला आपलं बरोबर वाटतंय."

तिनं कागद आपल्याकडे ओढला. गप्प बसली असती तर मामा घरीच राहिले असते. आई आत फोन लावत होती, हवं ते झालंच होतं. पण डोळ्यांपुढून तो पेटलेला पडदा हलेना. तिनं पेन घेतलं, चुकलेल्या ओळीवर एक रेघ मारली आणि कागद घेऊन ती स्वयंपाकघरात गेली.

"आई, फोन ठेव. हे चुकलंय. मीच चुकवलं होतं. त्याला दिसलं नाही." एवढं बोलून तिला रडू फुटलं. आईनं कागदाकडे बघितलंच नाही. फोन ओट्यावर पालथा ठेवला आणि पोरीला जवळ घेतलं.

पोरगी तोंड धुऊन बाहेर आली, तर मामा तिथंच वाट बघत बसलेले.

"दाखवलंस मामांना?"

"दाखवलं."

"काय म्हणाले?"

तिनं टेबलावर हलकेच थाप मारली. "म्हणाले, अगं, शिडी वर चढते काय?"

मामा खळखळून हसले, जन्मात पहिल्यांदा ऐकल्यासारखे. "शिडी वर चढते काय! वा!" हसता हसता त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. "चांगला मास्तर मिळालाय हो तुला. सोडू नकोस त्यांना."