देसांकाला न दिसलेला झेंडा

आमच्या झ्रेन्यानिन गावच्या बुद्धिबळ क्लबात दर गुरुवारी पाच-पाच मिनिटांचे डाव होतात. पंच मी, म्हणजे शिव्या खाणारा मी. यंदा नवी इलेक्ट्रॉनिक घड्याळं आली, ती म्हाताऱ्यांनी कपाटात कोंबली. त्यांना चावीचीच हवीत, ज्यांत वेळ संपली की लाल झेंडा खाली पडतो. पडलेला झेंडा समोरच्या खेळाडूनेच दाखवायचा, तरच डाव जातो. बघ्यांनी आणि पंचाने तोंड शिवून बसायचं, हा आमचा नियम.

वुकाशिनकाका आमचे सगळ्यात जुने खेळाडू. अर्धांगाच्या झटक्यापासून ते डाव्या हाताने खेळतात, आणि तो हात अजून शिकाऊ आहे. डोकं शाबूत, पण हातात आलेले डाव घड्याळापायी जायचे. त्या गुरुवारी आल्या आल्या त्यांनी सांगून टाकलं की आज एकही डाव जिंकलो नाही, तर यापुढे भिंतीकडच्या बाकावर. त्या बाकावर बसलेला माणूस पुन्हा पटाशी आलेला मी पाहिलेला नाही. तिथे बसून लोक दुसऱ्याची राकिया दारू पितात आणि फुकटचे सल्ले देतात.

एकेक करत काकांचे सगळे डाव गेले. शेवटचा उरला देसांकाशी. देसांका बेकरीवाली, जिभेने तिखट, आणि पटावर तर कुणाची गय करत नाही.

"काका, आटपा," ती म्हणाली. "तिकडे माझं पीठ फुगून रस्त्यावर येईल."

काका सुंदर खेळले. देसांकाचा राजा कोपऱ्यात सापडला, आणि तेवढ्यात काकांचा झेंडा पडला. मी पाहिला, बाकाने पाहिला. देसांकाची नजरही घड्याळावर जाऊन आली. ती काही न बोलता हत्ती सरकवून मोकळी झाली. पुढच्याच चालीला काकांनी मात दिली. बाकावरून टाळ्या पडल्या. माझेही डोळे भरून आले, उगाच नाही कशाला म्हणू?

मग काकांनी घड्याळ पाहिलं.

"हा कधी पडला?"

"मला नाही दिसला," देसांका म्हणाली.

"इतक्या वर्षांत माझा एक झेंडा सुटलाय का तुझ्या नजरेतून?"

काकांनी मला तिचा गुण लिहायला सांगितलं. मी म्हटलं, मात झाली की डाव संपला, नियमाने तुम्हीच जिंकलात.

"तुझा नियम ठेव तुझ्यापाशी," म्हणाले, आणि उठून सरळ बाकावर जाऊन बसले. सगळे खाली बघू लागले. मला देसांकाचा राग आला, आणि तिची दयाही.

ती उठली आणि त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"चुकलं माझं. उठा, परत खेळू. या वेळी सोडायची नाही तुम्हाला."

"खरंच?"

"आईशप्पथ."

काका आले. याही वेळी डाव त्यांच्या हातात आला. एका चालीत मात होती, त्यांनी वजीर उचललाही होता.

"झेंडा," देसांका म्हणाली. तिने घड्याळाकडे बोट दाखवलं. "हरलात, काका."

काकांनी वजीर खाली ठेवला. आजारपणानंतर पहिल्यांदाच मी त्यांना मोकळं हसताना पाहिलं.

"असं हरवणार असशील," ते म्हणाले, "तर मी येत जाईन." आणि डाव्या हाताने एकेक प्यादं जागेवर ठेवू लागले.